कस्तुराबाईची खुडूक

"बुचकळा तिला. टाकीच्या पाण्यात दोनदा बुचकळली की आपोआप अक्कल येती," सटवाजी म्हणाला आणि विचारणारीकडे न बघताच त्याने स्कूटर स्टँडवर लावली.

"अहो पण काका, गारठून मरंल की ती!" शिल्पा म्हणाली.

"मरंना का. अंडी न देता नुसती बसून खाणारी कोंबडी जगून तरी काय दिवे लावणाराय?"

शिल्पा एका खासगी शाळेत शिकवायची, गच्चीवर कोंबड्या पाळायची आणि मोबाइलवर 'परसातल्या कोंबड्या' नावाचा ग्रुप चालवायची. महिन्यातल्या एका रविवारी या ग्रुपातली माणसं विष्णुपुरीला कालव्याच्या कडेला, चिंचेखाली जमायची आणि आपापसांत कोंबड्यांची अदलाबदल करायची. पैशाचा व्यवहार नाही. कोंबडीला कोंबडी, नाहीतर कोंबड्याला तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या. कुणाची कोंबडी अंडी सोडून खुडूक बसली, कुणाची पिलं मुंगसानं नेली, कुणाच्या कोंबड्याला तुरा नाही, असल्या गप्पा चालायच्या, आणि चहा-चिवडा झाला की माणसं नवी कोंबडी काखेत घेऊन घरी जायची.

सटवाजी ढगेला या सगळ्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि म्हणूनच तो एकही रविवार चुकवत नसे. नांदेडच्या बसस्टँडवर माइकपुढे बसून गाड्या पुकारण्यात त्याची उभी हयात गेली होती. 'किनवट गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे' असं खणखणीत सांगून तोंड मिटतो न मिटतो तोच माणसं खिडकीशी येऊन विचारत, "सायब, किनवट गाडी कुठं लागली?" जन्मभर हेच ऐकल्यावर माणसाचं जगाविषयी एक मत बनतं. सटवाजीचं मत असं होतं, की देवानं माणसाला कान दिले ते चष्मा अडकवायला.

आता निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, पण माणसं तीच. हा आनंदराज बघा. एटीएमच्या दारात रखवालदारी करतो आणि मोबाइलवर बघून कडकनाथ पाळतो. कोंबडीचं नख काळं, जीभ काळी, हे तो येईल त्याला चोच उघडून दाखवतो. दातांचा डॉक्टर व्हायचा राहिला. ही शिल्पा. कोंबडी उन्हात धापा टाकू लागली तर हिला वाटतं ती हसून राहिली. आणि तो तिकडे पोत्यावर बसलेला नजीर, तो तर सगळ्यांत वरताण. देगलूर नाक्याला गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान, तोंडात सदा साखर. कुणाची लंगडी तलंग दिसली तरी म्हणणार, "माशाल्ला, काय तब्येत हाय!" सटवाजीला शिव्या देणारा माणूस चालायचा. गोड बोलणारा बघितला की त्याच्या कपाळाची शीर तटतटायची.

अदलाबदलीचा कायदाही सटवाजीनेच घालून दिला होता. पूर्वी माणसं आज कोंबडी द्यायची आणि दोन दिवसांत परत मागायला यायची. पोरं रडून राहिली, बायको जेवंना, कोंबडा आरवंना, एक ना दोन. बसस्टँडवर तिकीट फाडल्यावर कुणी पैसे परत मागतं का? म्हणून सटवाजीने ठरवून टाकलं की कोंबडी देताना सगळ्यांदेखत तिच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं. पाणी पडलं की तिचं ते घर तुटलं. "आन्‌ मंग जो मागं फिरून मागंल, त्यो माणूसच न्हाई," हे त्याने छाती ठोकून सांगितलं होतं. माणसांना ही रीत इतकी आवडली की बायका आता कोंबडीला हळदी-कुंकूही लावायला लागल्या. तेही सटवाजीला भिकार वाटलं.

आज त्याच्या स्कूटरला बिस्किटांचं खोकं बांधलेलं होतं. खोक्यात कस्तुराबाईची कोंबडी होती.

कस्तुराबाई म्हणजे त्याची बायको. सकाळी तो खोक्याला भोकं पाडत असताना ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवो, तिला नका देऊ."

सटवाजीचा हात थांबला. बायको एवढं लांबलचक वाक्य त्याच्याशी कधी बोलली होती, ते त्याला आठवेना. आणि मग सवयीने त्याच्या तोंडून गेलंच, "तुला काय कळतंय?"

या तीन शब्दांवर त्यांचा संसार झाला होता. इस्लापूरहून लग्न होऊन आली तेव्हा कस्तुरा मोठी बोलघेवडी होती. सहस्रकुंडाच्या धबधब्याचं पाणी पावसाळ्यात कसं लाल पडतं, आजीनं अस्वलाला पळीनं कसं हाकललं, सांगता सांगता तिचा तवा करपायचा. सटवाजी दिवसभर माणसांना वैतागून आलेला असायचा. तो म्हणायचा, "तुला काय कळतंय?" कोथिंबीर महाग झाली म्हटलं तरी तेच, पोराला ताप दिसतोय म्हटलं तरी तेच. मग कस्तुराचं बोलणं उन्हाळ्यातल्या आडासारखं खाली खाली गेलं, आणि शेवटी दोनच शब्द उरले, 'हाव' आणि 'न्हाई'. पोरगा शिकून पुण्याला गेला. घरात हाव आणि न्हाई एवढंच राहिलं. सटवाजीला त्याचं काही वाटलं नाही. उलट घर कसं शिस्तीत चालतंय असंच त्याला वाटायचं.

पण या कोंबडीशी मात्र ती बोलायची! तांबूस रंगाची, उघड्या मानेची, दिसायला अगदी दरिद्री कोंबडी. वर्षातून तीन-तीनदा खुडूक बसायची. अंडी द्यायचं बंद, खुराड्यातल्या रिकाम्या गवतावर पिसं फुलवून बसून राहायची आणि जवळ गेलं की गुरगुरायची. आणि कस्तुराबाई खुराड्यापुढे बसकण मारून तिच्याशी तासन्‌तास बोलत राहायची. "काय गं बयो, आज बी उपास हाय का? खा की दोन दाणे. माझी माय बी अशीच व्हती बघ, रुसली की चुलीम्होरं बसायची..."

सटवाजी एकदा न्हाणीच्या भिंतीआड उभा राहून ऐकत होता. त्याची सावली अंगणात पडली. कस्तुराबाईने सावली बघितली आणि अर्ध्या वाक्यात तोंड मिटलं.

ते त्याला लागलं. आपण एवढे हयातभर बोलत आलो, आपल्याला दोन शब्द, आणि या उघड्या मानेच्या भवानीला सगळी आख्खी बाई! कोंबडी अंडी देत नाही हे त्याने जगाला सांगितलं. खरं कारण हे होतं, की त्याला त्या कोंबडीचा हेवा वाटत होता. हे स्वतःशी कबूल करण्याइतका मोठा तो अजून झालेला नव्हता.

"काय आणलं मामा?" नजीर पोत्यावरून उठून आला.

"बला आणली. खुडूक हाय. कुणाला पायजे?"

आनंदराजने मान फिरवली. शिल्पाने कोंबडीच्या मानेकडे बघून "अय्या" केलं. नजीरचे मात्र डोळे लकाकले. त्याने खोक्यात हात घातला, कोंबडीने चांगलं बोट फोडलं, तरी हा हसतोच आहे.

"मामा, मला खुडूकच पायजे व्हती. असील जातीची अंडी जमा करून ठेवली, पन आमच्या एकीला बसायचं मन न्हाई. ही माझी काळी तलंग घ्या, आत्ताच अंड्यावर आली." मग त्याने विचारलं, "हिचं नाव काय?"

"कोंबडीला नाव असतं व्हय? कापताना काय नाव घेऊन कापता का?"

नजीर हसला. सटवाजीने मनात म्हटलं, येड्याला येडी मिळाली. तांब्या घेऊन त्याने कोंबडीच्या पायांवर पाणी घातलं, सगळ्यांदेखत, भरपूर. काळी तलंग खोक्यात टाकली आणि विजयी माणसासारखा घरी आला.

कस्तुराबाईने खोक्यात वाकून बघितलं. मग ती आत गेली.

त्या दिवसापासून हाव आणि न्हाईसुद्धा बंद झालं. रडारड नाही, आदळआपट नाही. वेळेवर चहा, वेळेवर भाकरी. फक्त तोंड बंद. पहिले दोन दिवस सटवाजीने मनात टिंगल केली. कोंबडीपायी रुसणारी बाई! मग त्याने डिवचून बघितलं. "भाजी खारट झाली," तो म्हणाला. झाली नव्हती. कस्तुराबाई उठली, तिने त्याच्या वाटीत पाणी ओतलं आणि परत जाऊन बसली. त्याला ती पांचट भाजी मुकाट खावी लागली. काळ्या तलंगेनं अंडं दिलं तेव्हा तो ते तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेला. "बघ! ह्याला म्हनतेत कोंबडी!" तिने अंडं घेतलं, टोपलीत ठेवलं आणि कणीक मळायला लागली.

हळूहळू सटवाजी एकटाच बोलायला लागला. टीव्हीवरच्या माणसांना मूर्ख म्हणू लागला, पेपरातल्या बातम्या मोठ्याने वाचू लागला. त्याचा आवाज अजून खणखणीत होता, पण घरात तो नुसता भिंतीवर आपटून परत यायचा. आणि एका दुपारी त्याने समोरच्या खोलीतून हाक मारली, "कस्तुरा!" ओ आली नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चिरकला आणि तो तसाच अनवाणी परसात धावला. कस्तुराबाई रिकाम्या खुराड्यापुढे बसली होती. डोळे उघडे, ऐकू येत असलेली, धडधाकट. तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"अगं ओ तरी दे की!" तो ओरडला. ही बाई अशीच न बोलता एक दिवस मरून जाईल आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं, आणि तो घाबरला. आयुष्यात कुणाला घाबरला नव्हता एवढा घाबरला.

त्याने चपला घातल्या आणि स्कूटर काढली.

रस्त्याभर तो बोलणं जुळवत होता. परत मागेल तो माणूसच नाही, असं आपणच सांगितलेलं. तेव्हा मागायचं नाही, हुकूम सोडायचा. कोंबडीला रोग आहे म्हणायचं. त्या गोडबोल्याला काय कळतंय?

नजीरचं घर दुकानाच्या मागेच होतं. मध्ये एक पडदा, पडद्यापलीकडे अंगण. अंगणात एका कोपऱ्यात जुन्या सीटचा फोम कापून, वर गवत घालून त्याने कोंबडीला बैठक केली होती. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून रेक्झिनचा तुकडा बांधला होता. त्या थाटात बयो अंडी पोटाखाली घेऊन डोळे अर्धे मिटून बसली होती. सटवाजीला बघून तिने पिसं फुलवली.

"नजीर, हिला रोग हाय. मला आत्ता कळलं. तुझी बाकीची मरतील. म्हनून न्यायला आलो."

"रोग?" नजीर कोंबडीपुढे उकिडवा बसला. "न्हाई मामा, कशी लालबुंद बसली बघा. सकाळी उतरती, खाती, पानी पिती, परत जाऊन बसती. अशी मन लावून बसनारी म्या बघितली न्हाई."

"मी सांगून राहिलो ना, रोग हाय!"

"आसंल तर डाक्टरला आनू. पन..."

"बाई बोलंना झाली माझी," सटवाजी म्हणाला.

त्याला हे म्हणायचं नव्हतं. ते त्याच्या तोंडातून पडलं. नजीर हसला असता तर बरं झालं असतं. सटवाजीला हसणाऱ्यांशी कसं वागायचं ते ठाऊक होतं. पण नजीर हसला नाही. त्याने हातातली सुई शर्टाच्या कॉलरला टोचून ठेवली आणि हळूच म्हणाला, "कोंबडी तुमचीच हाय मामा. पाण्यानं काय व्हतंय? पन आत्ता उचलली तर तिची खुडूक मोडंल. दुसऱ्या जागी बसायची न्हाई. आन्‌ अंड्यांत जीव धरलाय."

"अंडी गेली तर गेली! दुसरी आनून देतो."

तेव्हा चुलीपाशी बसलेली नजीरची बायको जोहरा पदर सावरत पुढे आली. "भाईसाब, बसलेलीला उठवू नये. पाप लागतंय. तिला कशाला नेता? तुमच्या बाईलाच हितं आना की. त्यांच्या पायात दावं थोडंच घातलंय?"

सटवाजीला राग आला. लोकाच्या अंगणात जाऊन बसायचं? पण राग आणि भीती यांत त्या दिवशी भीती वरचढ होती. तो घरी आला आणि म्हणाला, "कस्तुरा, चल." कुठं, ते तिने विचारलं नाही. डोक्यावर पदर घेऊन ती स्कूटरवर मागे बसली.

पडदा बाजूला सारून कस्तुराबाई अंगणात गेली आणि जागीच थांबली. मग चप्पल कुठे काढावी हेही न बघता ती मातीत कोंबडीपुढे बसली.

"बयो," ती म्हणाली.

कोंबडी गुरगुरली नाही. पिसं खाली बसली. सटवाजी दारात उभा होता. जोहराने त्याच्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, "तुमी भायेर बसा भाईसाब. यांच्या दुकानात."

जन्मात त्याला कुणी असं बाहेर काढलं नव्हतं. तो मुकाट्याने पडद्याबाहेर आला आणि अर्धवट शिवलेल्या सीटांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसला. नजीर मशीनवर होता. पाय हलवायच्या आधी त्याने एकदा पडद्याकडे बघितलं आणि मशीन तशीच बंद ठेवून हातानेच टाके घालू लागला.

आधी नुसती कुजबुज आली. मग कपबश्या वाजल्या, आणि मग कस्तुराबाईचा आवाज. किती वर्षांनी! लग्नात होता तसाच, थोडासा जाड झालेला. अस्वलाची गोष्ट आली. पळी आली. जोहरा खदखदून हसली आणि कस्तुराबाईही हसली. सटवाजीला वाटलं, ही हसते तेव्हा असा आवाज येतो, हे आपण विसरलोच होतो.

"मंग लगीन नांदेडात कसं काय?" जोहराने विचारलं.

"स्टँडावर नोकरी व्हती यांची. माइकवर गाड्या सांगायचे. लई ग्वाड आवाज बाई! नवी व्हते तवा मी डबा घेऊन जायचे, आन्‌ डबा देऊन झाला तरी घरी यायचे न्हाई. बाकड्यावर बसून राहायचे. किनवट गाडी लागली, माहूर गाडी लागली... आख्ख्या स्टँडाला कसं सबुरीनं, मानानं सांगायचे. 'प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.' मला वाटायचं, मलाच सांगून राहिलेत."

"आन्‌ घरी?"

"घरी येईस्तवर आवाज सरलेला असायचा," कस्तुराबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. कुणाच्या घरातलं पीठ सरलं हे सांगावं तसं तिने ते सांगितलं.

नजीरने मान वर केली नाही. सटवाजी हातातल्या फोमच्या तुकड्याचे बारीक बारीक लचके तोडत होता. ते बाकडं त्याला आठवत होतं. खिडकीतून समोरच दिसायचं. त्याच्यावर माणसं असत, रोज असत, आणि सगळीच त्याला सारखी मूर्ख दिसत. त्यांत एक आपली बायको होती, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

ऊन उतरलं. रस्त्यावर भाजीचे गाडे लागले. सटवाजी उठला आणि पडद्याशी गेला. "कस्तुरा," त्याने हाक मारली. शक्य तेवढी मऊ मारली. "चलायचं का?"

आत कस्तुराबाई पिलं मोजायची कशी ते सांगत होती. ती अर्ध्यातच थांबली. पुढचा शब्द आला नाही. चहाची बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही.

"न्हाई, न्हाई," सटवाजी घाईने म्हणाला. "बस तू. घाई न्हाई कशाची. बस."

तो दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला. थोड्या वेळाने जोहरा बाहेर आली. हातात कप होता. "भाईसाब, तुमचा चा न्हाईच झाला. आत या की. आपलेच लोक हाईत."

"नको," तो म्हणाला. "मी आलो की ती थांबती."

जोहराने कप त्याच्या हातात दिला आणि ती आत गेली. सटवाजी रस्ता ओलांडून पलीकडे, बंद असलेल्या एका दुकानाच्या फळीला टेकून उभा राहिला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पडद्याआडून कस्तुराबाईचा आवाज पुन्हा सुरू झाला. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते. तो तिथेच उभा राहिला, आणि चहा संपल्यावरही त्याने कप परत नेऊन दिला नाही.